दिवसभर राबूनही ताकद का वाढत नाही, आणि घरच्या घरी ती कशी वाढवायची

देवगडजवळच्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: वय ४४, वजन ६२ किलो, दोन बाळंतपणं झालेली. घरचं सगळं काम, दोन गुरं, पावसात लावणी, उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरणं, आणि एप्रिल-मेमध्ये नळ आटला की विहिरीवरून पाणी. तरीही जिना उतरताना गुडघे दुखतात, संध्याकाळी कंबर धरते आणि दोन वर्षांत वजन वाढलं आहे. डॉक्टर म्हणाले, स्नायू कमजोर झालेत, ताकदीचे व्यायाम करा. जिम तालुक्याच्या गावी आणि तिथे सगळे पुरुष. नवरा म्हणतो, "एवढां काम करतंस, आणि येगळो व्यायाम कित्याक होयो?" सासूबाई गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्याचीही मनात धास्ती आहे. विचारलंय ते एवढंच: घरी करायला किती किलोची डंबेल्स घेऊ, आणि अंग पुरुषी तर होणार नाही ना?

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे गुडघे-कंबर घेऊन येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींची कहाणी याच वळणाची असते. डंबेल्सचं उत्तर मी शेवटी देईन, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आधी तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येते. त्यांचं म्हणणं चूक आहे, पण प्रश्न रास्त आहे. दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम का लागावा?

स्नायू बळकट होतो तो सवयीपेक्षा जास्त भार पडला तर. तुमची कळशी वीस वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच आज आहे. लग्न होऊन आलात तेव्हा पहिले काही महिने ती जड गेली असेल. शरीरानं ती पेलण्याइतकी ताकद कमावली आणि तिथे थांबलं, पुढे जायचं त्याला कारणच उरलं नाही. दुसरं म्हणजे बायकांची जवळपास सगळी कामं पुढे वाकून होतात: लावणी, झाडलोट, धुणं, पेट्या भरणं. कळशी नेहमी त्याच कमरेवर. वर ढकलायचं काम नाही, मागे ओढायचं काम तर जवळजवळ नाहीच. काही स्नायू थकून जातात आणि बाकीचे झोपलेले राहतात. तिसरं, काम संपतं तेव्हा थांबायचं असतं, स्नायू थकला म्हणून नाही. ताकदीसाठी थोडा वेळ जड भार आणि मग पुरेशी विश्रांती लागते. आपल्याकडे होतं नेमकं उलट, बेताचा भार आणि न संपणारा वेळ.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घरातलं जड काम बरंच गेलं. पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला, जात्याच्या जागी गिरणी, मोळीच्या जागी गॅस, वर्षातले आठ-नऊ महिने नळ. कामाचे तास मात्र तेवढेच राहिले. म्हणून बाई दमते तेवढीच, पण आईच्या अंगात जी ताकद होती ती लेकीच्या अंगात दिसत नाही.

त्यात वय. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर त्याहून वेगानं. चाळिशीच्या मध्यावर पाळी अनियमित व्हायला लागते, इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात. तुम्ही नेमक्या त्या उंबरठ्यावर आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी चालण्यासारख्या हालचालीबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत ते याच कारणानं. चालणं त्याची जागा घेत नाही. समुद्रकाठी रोज तासभर चालणाऱ्या आणि खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय न उठणाऱ्या बायका मी पाहते.

आता तुम्हाला न पाहता मला सांगता येणार नाही असं काय आहे, ते बोलू. तीन गोष्टी आधी तपासून घ्या. एक, रक्तदाब. तो वाढलेला असेल आणि आटोक्यात नसेल तर आधी औषधानं आटोक्यात आणायचा, मग वजन उचलायचं. दोन, हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता, म्हणजे निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आठ-नऊवर असताना 'मला व्यायामानं दम लागतो' म्हणण्यात अर्थ नाही, आधी गोळ्या सुरू करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. वजन अकारण वाढलंय म्हणताय, तर त्याच रक्तात थायरॉइडही बघून घ्या.

तिसरी गोष्ट बायका डॉक्टरलाही सांगत नाहीत. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जातात का? अंग बाहेर आल्यासारखं, खाली काही ओढल्यासारखं वाटतं का? पिशवी काढली आहे का? यातलं काही असलं तरी ताकदीचे व्यायाम बंद नाहीत, पण क्रम बदलतो. आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा सराव करायचा (लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आवळायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं), आणि वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. उचलताना श्वास सोडा. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय जड उचलू नका. हे लाजून लपवायचं दुखणं नाही, आणि बरंचसं सुधारतं.

गुडघा सुजलेला असेल, मध्येच अडकत असेल, कंबरेचं दुखणं पायात उतरून पाय बधिर होत असेल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. नुसतं उतरताना दुखत असेल आणि बाकी ठीक असेल, तर मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करणं हाच त्यावरचा मुख्य इलाज आहे.

तर काय करायचं? आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पस्तीस-चाळीस मिनिटं. रोज नको. तुमच्यासारख्या कामाच्या बाईला रोजचा व्यायाम सांगणं म्हणजे तो पंधरवड्यात बंद पडेल याची सोय करणं.

पहिला व्यायाम खुर्चीवरून उठणं. साधी प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, दोन-तीन सेकंद घेत सावकाश बसायचं, टेकलं की उठायचं. धपकन बसायचं नाही, खाली जातानाच खरं काम होतं. गुडघा फार बोलत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि महिन्याभरात उशी काढा. सोपं जायला लागलं की मुलांचं जुनं दप्तर घ्या, त्यात तांदूळ भरा आणि छातीशी धरून उठबस करा. गुडघे वाकवू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. पण तुम्ही विळीवर बसता, चुलीपुढे बसता, शौचाला उकिडव्या बसता. वाकण्याशिवाय तुमचं भागणारच नाही, तेव्हा ते वाकणं ताकदीनं करता आलं पाहिजे.

दुसरा व्यायाम कमरेसाठी, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे सवय मोडायची असते. जमिनीवरची वस्तू उचलताना आपण पाठीची कमान करून वाकतो. त्याऐवजी वाकायचं ते खुब्यातून. शिकण्याची सोपी रीत अशी: भिंतीकडे पाठ करून भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता छाती पुढे झुकवत कुल्ले मागे न्या, भिंतीला टेकेपर्यंत. जमलं की अर्धं पाऊल पुढे सरका आणि पुन्हा. पाठीवर झाडूचा दांडा उभा धरायला मुलीला सांगा. डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला असा तीन ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. एक सुटला की पाठ वाकली. हे आठवडाभर रिकाम्या हातानं करा, मग दहा लिटरचा पाण्याचा कॅन (पाणी किती, ते पुढे सांगते) दोन पायांच्या मध्ये ठेवून तो उचला आणि खाली ठेवा. जिममध्ये याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव घाबरवणारं आहे, पण तुम्ही दिवसात पन्नास वेळा हेच करता, फक्त चुकीच्या पद्धतीनं.

तिसरा ढकलण्याचा, पुशअप. पहिल्या दिवशी भिंतीवर. मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर हात ठेवून, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. हात जितके खाली तितकं अवघड. गुडघे टेकवून जमिनीवर करण्यापेक्षा ओट्यावर सरळ अंगानं केलेलं बरं, कारण त्यात पोटाचं कामही होतं.

चौथा ओढण्याचा, आणि घरी करायला हाच सगळ्यात अडचणीचा. माझा उपाय जुन्या सुती साडीचा आहे. पडवीच्या खांबाला कमरेच्या उंचीवर साडी गुंडाळा, दोन्ही टोकं हातात धरून मागे झुका आणि कोपर बरगड्यांजवळून मागे नेत स्वतःला खांबाकडे ओढा. पाय जितके खांबाजवळ तितकं अवघड. लाकडी खांब असेल तर आधी वाळवी बघून घ्या, हे मी गमतीनं सांगत नाहीये. खांब नसेल तर एक हात पलंगावर टेकवून दुसऱ्या हातानं कॅन कमरेकडे ओढायचा.

पाचवा, कॅन एका हातात घेऊन चालणं. सरळ उभं राहून, वजनाच्या बाजूला कलू न देता, तीसेक पावलं, मग हात बदलायचा. कमरेच्या दोन्ही बाजू यानं जेवढ्या मजबूत होतात तेवढ्या उताण्या पडून पोटाचे शंभर हेलकावे मारून होत नाहीत. कळशी ज्या कमरेवर घेता तिच्या विरुद्ध हाताला सुरुवातीला हे जड जाईल. तिथून सुरुवात करा.

हे पाच पुरेत. वेळ उरला तर दोन-दोन लिटरच्या बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणं आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं. प्रत्येकाचे आधी दोन, तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी). दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं. बायकांना सगळ्यात अवघड जातं ते हे बसणंच. त्या दोन मिनिटांत गॅसवरचं दूध बघायला जाऊ नका, केर काढू नका. ती विश्रांती व्यायामाचाच भाग आहे.

आता मुद्द्याची गोष्ट: भार किती आणि तो वाढवायचा कसा. घरी व्यायाम करणाऱ्या दहाजणींत आठजणी इथे अडतात. व्हिडिओ लावतात, दोन किलोचे गुलाबी डंबेल्स हलवतात, घाम येतो, बरं वाटतं, आणि सहा महिन्यांनी तेच दोन किलो हातात असतात. म्हणजे कळशीचीच गत.

पाण्याचा कॅन मला आवडतो तो यासाठी की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वेगळी मोजदाद नको. समजा डेडलिफ्टला तुम्ही कॅनमध्ये सहा लिटर पाणी घेतलं आणि आठ-आठ वेळा तीन सेट केले. पुढच्या वेळी नऊ, मग दहा. तिन्ही सेटमध्ये बारा वेळा जमलं, आणि शेवटी 'अजून दोनदाच झालं असतं' असं वाटलं, की एक लिटर वाढवा आणि पुन्हा आठपासून सुरू करा. बारानंतरही गप्पा मारत आणखी दहा झाले असते, तर वजन हलकं होतं. आठ होईपर्यंत पाठ वाकायला लागली, तर जड होतं. कॅन भरला की दोन हातांत दोन कॅन. त्याच्या पुढे घरबांधणीतून उरलेली रेती भरा. कोरडी रेती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्याच कॅनमध्ये दीडपट वजन. मूठ तेवढी तपासून घ्या, जुन्या प्लॅस्टिकची मूठ सुटली तर कॅन पायावर येतो. माझ्याकडे नियमित येणाऱ्या, तुमच्याच अंगलटीच्या बायका पाच-सहा महिन्यांत दोन हातांत मिळून पंचवीस-तीस किलो चांगल्या पद्धतीनं उचलतात.

हे सगळं वहीत लिहा. तारीख, व्यायाम, किती लिटर, किती वेळा. वही नसेल तर भार वाढत नाही हा माझा अनुभव आहे, कारण मागच्या वेळी काय केलं ते कुणाला आठवत नाही आणि माणूस सोयीचं आठवतो.

दुखण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, ते ठीक. सांध्याच्या दुखण्याला दहापैकी गुण द्या, शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. सकाळी जास्त असेल तर पुढच्या वेळी वजन कमी करा किंवा कमी खाली जा, बंद करू नका. पाळीच्या दिवसांत व्यायाम चालतो. रक्तस्राव जास्त असेल किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल तर त्या दिवशी पुढे ढकला, एवढंच.

पुरुषी दिसण्याची भीती. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू भरवणारं पुरुषी संप्रेरक, पुरुषांच्या तुलनेत दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकंच असतं. मीराबाई चानूनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनगटात ११५ किलो डोक्यावर नेलं आणि रौप्यपदक मिळवलं. तिचं स्वतःचं वजन पन्नासच्या आत! आयुष्यभर रोज कित्येक तास तेच करून ती तशी आहे. आठवड्यातून दोनदा कॅन उचलून तुमचे दंड फुगायचे नाहीत. दंड जरा घट्ट होतील, ब्लाउजची बाही थोडी बदलावी लागेल, इतकंच.

वजन कमी होण्याबद्दल मात्र फार आशा लावणार नाही. नुसत्या ताकदीच्या व्यायामानं काट्यावरचा आकडा फारसा उतरत नाही, कधी महिनाभर हलतही नाही. पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असणं चांगलं. ताकदीसाठी दुसरं माप घ्या: खुर्चीवरून हाताचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठबस होते ते आजच मोजून लिहा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमलं तर ते कमी धरतात. तुम्हाला ४४ व्या वर्षी त्याहून बरंच जास्त जमायला हवं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत आकडा वाढेल तो मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू दिसण्याजोगा भरायला तीन महिने धरा.

आता कोकणातलं वर्ष. शहरातली वेळापत्रकं इथे चालत नाहीत, आणि लावणीच्या आठवड्यात व्यायाम सुटला की बायका वर्षभरासाठी सोडून देतात. लावणी, ऑक्टोबरातली भातकापणी आणि आंब्याचा भर, या तीन वेळा आधीच धरून चाला. त्या आठवड्यांत एकच दिवस, वीस मिनिटं, एक-दोन सेट, पण वजन कमी करायचं नाही. कमावलेली ताकद टिकवायला कमवण्यापेक्षा खूप कमी व्यायाम लागतो, अट एवढीच की भार तोच राहिला पाहिजे. लावणीत दिवसभर वाकूनच असता, तेव्हा डेडलिफ्ट वगळा. साडीनं ओढणं ठेवा, आणि उताणं झोपून गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचा व्यायाम घाला. दिवसभर वाकलेल्या पाठीला त्यानं आराम पडतो.

एप्रिल-मेमध्ये दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही. तेव्हा सूर्य वर यायच्या आधी उरका. पावसात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे कॅन घेऊन चालू नका, पडवीत चाला. साडीत पाय दिसत नाहीत म्हणून सलवार किंवा नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट बरी. कोण बघेल, काय म्हणेल हा प्रश्न मी हलका मानत नाही. दार लावून केलं तरी चालतं, पण त्याहून चांगलं म्हणजे बचत गटातल्या दोघी-तिघींना घेणं. चारजणी मिळून केलं की ती चेष्टेची गोष्ट राहत नाही, आणि कुणाची पाठ वाकतेय हे दुसरी सांगते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय वरचं अर्धं वाया जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या ६२ किलोला ती साधारण ५१ ग्रॅम होतात. वजन उचलणाऱ्या बाईनं सत्तरच्या आसपास जावं असं मी सांगते, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास, दोन अंड्यांत बारा, पाव लिटर दुधात आठ. मासा ताटात आहे तोवर अडचण नसते. अडचण येते पावसात. जून-जुलैत मासेमारी बंद, ती उघडते तोवर श्रावण लागतो, म्हणजे लावणीच्या ऐन कष्टापासून पुढे तीन महिने बहुतेक घरांत भात, पातळ आमटी आणि लोणचं. त्या महिन्यांसाठी कुळीथ, चवळी, वाल, चणे भरून ठेवा. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं आहेत, पण पिठी करताना माणशी दोन चमचे पीठ घालून भागत नाही. पिठी दाट करा आणि त्याच जेवणात दुसऱ्या कडधान्याची उसळ ठेवा. सुकट, सोडे प्रथिनांना उत्तम, फक्त मीठ भरपूर असतं, तेव्हा रक्तदाब असेल तर भिजवून, पाणी टाकून, बेतानं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ती भाकरी परत आणा. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची रीत असेल तर आपला मासा आधी बाजूला काढून ठेवा.

सासूबाईंबद्दल. त्यांचं हाड मोडलं म्हणून तुमचं मोडेल असं नाही, त्यांचं-तुमचं रक्ताचं नातं नाही. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल तर मात्र तुमचा धोका वाढतो, ते डॉक्टरांना सांगा. हाडांना खरी चालना जड भारानं मिळते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं उचलली, पाच-पाच वेळांचे सेट. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची थोडी घटली. पण तो व्यायाम सगळा प्रशिक्षकाच्या नजरेखाली होता, तेव्हा सासूबाईंच्या हातात कॅन देऊ नका. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन उंच खुर्चीवरून उठबस आणि खांब धरून टाचा उचलणं, रोज थोडं थोडं, कुणीतरी शेजारी उभं असताना. हाडं विरळ होऊ नयेत म्हणून त्यांना औषध सुरू आहे का, तेही विचारा. खुबा मोडल्यावर शस्त्रक्रिया होते आणि औषधाचं राहून जातं, असं बरेचदा होतं.

आणि डंबेल्स? आत्ता काही घेऊ नका. दहा लिटरचे दोन कॅन, एक दप्तर, एक साडी, एक वही. तीन महिने वही भरलीत तर मग प्लेट बदलता येणारा डंबेल-संच घ्या, एकूण वीस किलोचा. ठरावीक वजनाची जोडी घेऊ नका, दोन महिन्यांत ती हलकी पडते. समुद्राच्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, म्हणून रबराचं आवरण असलेल्या प्लेट घ्या आणि दांड्याला शिवणयंत्राचं तेल लावून ठेवा. रबरी बँडही चालतात, पण उन्हात आणि खाऱ्या हवेत ते चिरतात. दर वेळी ताणून बघितल्याशिवाय वापरू नका, तुटला तर डोळ्यावर येतो.

हिमोग्लोबिन आणि रक्तदाबाचे आकडे आले की सुरू करा. सहा आठवड्यांनी तीस सेकंदांतल्या उठबशीचा आकडा, कॅनमधले लिटर आणि जिना उतरताना गुडघ्याला दहापैकी किती गुण, हे तीन कळवा. त्यावरून पुढे खुर्चीची उंची कमी करायची की वजन वाढवायचं, ते सांगते.